नवं नेसून मुंबईला येऊ नये

मे महिन्यात लालबागच्या नाक्यावर कोणी कोट घालून उभा दिसला की माझी मान आपोआप वर जाते, आमच्या चाळीच्या पहिल्या मजल्याकडे. आता तिथे मजला नाही आणि चाळही नाही. पत्र्याचं कुंपण आहे आणि आत टॉवरचं काम चाललंय. पण सवय ती सवय. वाटतं, आत्ता वरून आवाज येईल, "अरे ए, लग्नाला आलायस की शिजायला?"

हा आवाज सुलूमावशीचा. सख्खी मावशी नव्हे, शेजारची. तिची खोली आणि आमची खोली यांच्यात एक लाकडी पार्टिशन होतं. त्यातून तिची फोडणी, तिचा रेडिओ आणि तिचा स्वभाव असं सगळं आमच्याकडे यायचं. ती गेली त्याला आता दुसरा उन्हाळा. पण उन्हाळा आला आणि तिची आठवण आली नाही असं होत नाही, कारण उन्हाळा हा तिचा विषय होता. कोणाचा गणपती असतो, कोणाचं क्रिकेट असतं, हिचा उन्हाळा.

मार्चपासून जूनपर्यंत तिच्या मानेवर घामोळ्यांच्या पावडरीचा पांढरा पट्टा असायचा. अंगावर धुवून धुवून मऊ झालेली वायलची साडी, पायात झिजलेली चप्पल, कमरेला एक रुमाल आणि हातात दुसरा. एक घामाचा, एक तोंडाचा. दोघांची अदलाबदल झालेली तिला खपत नसे. अंगाने किडकिडीत बाई, पण गॅलरीत कमरेवर हात ठेवून उभी राहिली की जिन्यातून येणारा पाहुणा पायरीवरच थबकायचा.

आणि पाहुणे काय कमी? कोकणातल्या माणसाचं मुंबईला येणं मेमध्येच. शाळांना सुट्टी, लग्नं, डॉक्टरला दाखवायचं, पोराला नोकरीला लावायचं, सगळं ह्याच महिन्यात. आणि मुंबईला जायचं म्हटलं की आमच्या माणसांची एक रीत, घरातलं सगळ्यात नवं, सगळ्यात जाड, सगळ्यात चकचकीत असेल ते अंगावर चढवायचं. एवढ्या लांब जायचं, चार माणसं बघणार, मग जुनेर नेसून कसं जाणार? म्हणून रात्रभर गाडीत बसून सकाळी ही मंडळी आमच्या जिन्यात उगवायची ती टेरिकॉटमध्ये, जरीमध्ये, नव्या कोऱ्या खळीच्या शर्टात, आणि सगळी निथळलेली.

"नवं नेसून मुंबईला येऊ नये," सुलूमावशी म्हणायची. "नवं गावात मिरवावं. तिथे बघायला लोक आहेत. मुंबईला तुझी साडी बघायला वेळ नाय. मग तू शिजतेस कोणासाठी?"

शिजणं हे तिचं आवडतं क्रियापद. तिच्या लेखी माणसाला उकडत नसे, माणूस शिजायचा. नायलॉनच्या परकरात शिजायचा, काळ्या पँटमध्ये शिजायचा. पांढरंही तिला चालत नसे, कारण त्यावर मुंबईची काजळी बसते आणि मग माणूस दिवसभर कॉलर बघत फिरतो. फिका रंग, जुनं सूत, सैल बाही, ओळखीची चप्पल. नव्या चपलेने मुंबई बघायला निघालेला माणूस राणीच्या बागेच्या दारातच बसतो, आतले प्राणी त्याला बघतात, असं तिचं म्हणणं.

हे वेड तिला नोकरीत लागलं. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ती केसपेपरच्या खिडकीवर होती. खिडकीपुढच्या रांगेत गावाहून आलेली माणसं असायची. डॉक्टरपुढे जायचं म्हणून चांगलेचुंगले कपडे घातलेली, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. "पेशंट राहायचा बाजूला आणि चक्कर यायची सोबत आलेल्याला," ती सांगायची. "मी खिडकीतून ओरडायची, अहो काका, वरचं बटण काढा. तर काका लाजायचे. म्हटलं लाजताय काय, इथे लोक सगळंच काढून दाखवायला येतात."

तर ह्या सगळ्यावर तिने उपाय केला होता. तिच्या खोलीत, पलंगाखाली, एक हिरवी लोखंडी पेटी होती, तिच्या वडलांची. वडील गिरणीत होते आणि गावाहून ते ही एकच पेटी घेऊन आले होते. तीत तिने जुन्या सुती कपड्यांचा साठा केलेला. गेलेल्या काकांचे, म्हणजे तिच्या नवऱ्याचे, सदरे, लेंगे, स्वतःच्या मऊ झालेल्या साड्या, आमच्या चाळीतून मागून आणलेले फ्रॉक आणि चड्ड्या. मध्ये वाळ्याची जुडी, म्हणजे झाकण उघडलं की खोलीत गार वास सुटायचा. हिला सगळी चाळ पाहुण्यांची पेटी म्हणायची. आलेल्या माणसाच्या हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात घडी केलेला कपडा. मोरीचा पडदा सारून ती सांगायची, "जा, बदलून ये. मग चहा." न बदलता चहा मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

माझं लग्न त्या पेटीमुळे जमलं, हे सांगितलं तर आमच्या ह्यांना राग येतो. पण खरं ते खरं. साताऱ्याकडची ही मंडळी मला बघायला आली ती नेमकी मेच्या मध्यावर. सासरे लोकरीचं जाकीट घालून आलेले. मानाचं जाकीट, सोयरिकीला जाताना घालायचं म्हणजे घालायचं, मग ऊन असो की पाऊस. आमच्या खोलीत माणसं दाटलेली, पंख्याखाली आई पोहे घेऊन उभी, आणि सासऱ्यांच्या कानशिलावरून घामाचे ओघळ. बोलणं काही पुढे सरकेना. विचारलं की नुसतं हूं करायचे. पार्टिशनपलीकडून मावशीने ते हूं ऐकलं. ती तरातरा आत आली, कोणाला नमस्कार नाही, चमत्कार नाही. "अहो पाव्हणे, मुलगी पसंत करायची की नाही ते मागाहून बघा. आधी हे जाकीट काढा." माझी आई पांढरीफटक पडली.

सासऱ्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा स्वतःच्या बायकोकडे, आणि मुकाट उठले. मोरीतून बाहेर आले ते काकांच्या ढगळ सदऱ्यात. पंख्याखाली बसले, दोन बशा पोहे खाल्ले आणि चक्क हसले. नंतर त्यांनी मला सांगितलं, "ज्या घराच्या शेजारी अशी बाई आहे, त्या घरातली पोरगी सांभाळून घेणारी असणार, असं वाटलं." तो सदरा ते अंगावरच घालून साताऱ्याला गेले. मावशीने कधी परत मागितला नाही.

पण ती नेहमी बरोबरच असायची असं समजू नका. कुडाळहून तिच्या नात्यातला दिगू मुलाखतीला आला होता, नवा कोट आणि टाय घेऊन. मावशीने कोट उशीच्या अभ्र्यात घालून त्याच्या काखेत दिला आणि बजावलं, "ऑफिसच्या दारात घाल, आधी नाय." कोटाच्या आत पातळ मलमलचा सदरा, बनियन नाही, कारण बनियनने माणूस शिजतो. पोरगं तसंच गेलं. पण तिथल्या शिपायाने कोट असलेला अभ्रा बाहेरच ठेवून घेतला, आणि आत एसी असा की साहेब लोक स्वेटर घालून बसलेले. दिगू मलमलच्या सदऱ्यात दात वाजवत उत्तरं देऊन आला. नोकरी काही लागली नाही. संध्याकाळी येऊन तो सांगत होता आणि मावशी ऐकत होती, तोंड एवढंसं करून.

"एसीचं माझ्या डोक्यातच आलं नाय रे," ती म्हणाली. तिला फार वाईट वाटलं. दिगूला दुसरीकडे लागेपर्यंत तिने त्याला स्वतःकडे ठेवून घेतलं. आणि त्या दिवसापासून पेटीतल्या प्रत्येक कपड्याबरोबर एक शाल द्यायला सुरुवात केली. बँकेत जा, शाल घे. सिनेमाला जा, शाल घे. भर मेमध्ये आमच्या चाळीचे पाहुणे खांद्यावर शाल टाकून हिंडायचे. समोरच्या इमारतीतल्यांना वाटायचं, ह्यांच्याकडे रोज कोणाचा तरी सत्कार असतो.

मावशीचं हे सगळं हसण्यावारी जायचं. एका माणसाच्या बाबतीत गेलं नाही. ती म्हणजे तिची थोरली बहीण, वत्सूताई.

दोघी बहिणी ह्याच खोलीत जन्मल्या, ह्याच गॅलरीत खेळल्या. ताईचं लग्न कणकवलीजवळच्या एका गावात झालं आणि ती तिकडची झाली. सुलूमावशीच्या सासरी मुंबईत जागा नव्हती, म्हणून वडलांच्या मागे खोली तिच्याकडे राहिली. ताई वर्षाआड यायची. आली की दोघींचं मालवणी सुरू व्हायचं आणि पार्टिशनमधून आम्हाला हसण्याशिवाय काही कळायचं नाही.

मावशीच्या मुलाचं, विजूचं, लग्न मेमध्ये निघालं. घर पाहुण्यांनी भरलेलं. मावशी दारात उभी राहून येईल त्याच्या हातात कपडा देत होती, तोंड बघायलाही तिला फुरसत नव्हती. त्यात ताई आली. अंगावर वांगी रंगाची, हिरव्या काठाची रेशमी साडी. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः दुकानात जाऊन, स्वतःच्या पसंतीने घेतलेली. भाच्याच्या लग्नासाठी. ती घामाने चिंब होती, पण उंबऱ्यात क्षणभर थांबली, सुलूने बघावं म्हणून. आणि मावशीने काय करावं? पेटीतली एक विटकी वायल काढून तिच्या हातात ठेवली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "अगो शिजलंस ना पुरती. गावच्या माणसांका कितीदा सांगायचा? जा, बदल. हॉलवर पण हीच नेस, तिथे एसी नाय."

ताईने साडी बदलली. लग्नात ती त्याच विटक्या वायलमध्ये बसली, शेवटच्या रांगेत. फोटोला बोलावलं तर आली नाही. दुसऱ्या दिवशी निघताना तिने ती वायल धुऊन, वाळवून, घडी घालून पेटीवर ठेवली. मी तिथेच होते, आईने दिलेला डबा द्यायला गेलेले. ताई शांतपणे म्हणाली, "पावण्यांचां पावण्यांका. सुले, मी ह्याच खोलयेत जन्मलंय. तू माका पावणी केलंस."

ती गेली ती गेलीच. मुलांमुलांची फोनाफोनी चालू राहिली, मेमध्ये आंब्यांची पेटीही यायची, गवतात नीट बसवलेली. ताई यायची नाही. मावशी आंबे सगळ्या चाळीत वाटायची आणि स्वतः खायची नाही. विचारलं तर म्हणायची, "मला उष्ण पडतात." मग एकदा मला म्हणाली, "मने, मी काय वाईट बोलले गं? उकाड्याचंच बोलले ना?" आणि लगेच तीच म्हणाली, "गावच्या माणसांका म्हटलं मी तिला. तिला. जिने मला ह्या गॅलरीत चालायला शिकवलं." आणि रडली. घामाचा रुमाल, तोंडाचा रुमाल, काही भेद राहिला नाही.

वर्षं गेली. मग चाळीचं निश्चित झालं. पावसाळ्याच्या आत खोल्या रिकाम्या करायच्या, चाळ पाडणार, टॉवर होणार. लोक पेढे वाटत होते, रडतही होते, आमच्याकडे दोन्ही एकत्रच चालतं. मावशी डोंबिवलीला विजूकडे जाणार होती. तिचं सामान काय, असून नसून सारखं. तिला एकच लागून राहिलं होतं. ताईने एकदा येऊन खोली बघावी. नंतर बघायला खोलीच नव्हती.

तिने स्वतः फोन लावला. इतक्या वर्षांनी. आईची खोली आवरायला मी माहेरी आले होते; पार्टिशनला कान लावला, खोटं कशाला बोलू.

"ताई, खोली जाता गो. एकदा येऊन जा."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. मग मावशी म्हणाली, "बरां," आणि फोन ठेवला. आमच्याकडे येऊन सांगितलं, "बघतंय म्हणाली." कोकणातल्या माणसाचं बघतंय म्हणजे काय, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मावशीने पाहुण्यांची पेटी बाहेर काढली आणि तिच्यातले सगळे कपडे वाटून टाकले. सदरे, साड्या, शाली, सगळं. रिकामी पेटी खालच्या इस्त्रीवाल्याला दिली. मी म्हटलं, "मावशी, वडलांची पेटी ना ती?"

"असू दे. पेटी जवळ असली की माझं तोंड सुटतं. ती आली आणि माझ्या तोंडून पुन्हा काय गेलं तर? त्यापेक्षा पेटीच नको."

आणि एका दुपारी ताई आली. मी जिन्यातच होते. ती वाकली होती, केस पांढरे झाले होते, बरोबर नातू होता तो खाली टॅक्सीवाल्याशी बोलत राहिला. अंगावर तीच वांगी रंगाची साडी, हिरव्या काठाची. घडीचे पांढरट डाग पडलेली, म्हणजे मध्ये कधी नेसलेलीच नव्हती. बाहेर ऊन असं की गॅलरीचा कठडा हाताला चटके देत होता. ताई उंबऱ्यात थांबली. तशीच, त्या वेळेसारखी.

मावशीने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "छान आसा साडी," ती म्हणाली. "रंग तुका शोभता." आणि पदराचं टोक दातात धरून पाणी आणायला वळली.

मग चहा झाला. चाळीतल्या बायका दारात जमल्या, मीही त्यांच्यात. ताई पलंगावर बसलेली, पंखा गरम हवा टाकत होता, तिच्या कपाळावरून, मानेवरून घाम वाहत होता, ब्लाउज पाठीला चिकटला होता. मावशी समोर स्टुलावर. बोलणं आंब्यांचं, नातवाच्या शाळेचं, गुडघ्यांचं. उकाड्याचं एक अक्षर नाही. जिच्या तोंडात मे महिन्यात दुसरा विषय नसायचा ती बाई पदर चावत बसली होती. आम्हाला सगळ्यांना ते कळत होतं.

ताईने वाकून पलंगाखाली बघितलं. "पेटी खंय गेली?"

"दिली."

"कित्याक?"

"आता पावणे कोण येतले?" मावशी म्हणाली.

ताईने पदराने कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाली, "आज कशी सांगूक नाय गो, बदल म्हणान?"

मावशीने मान हलवली. ताई पलंगाचा कठडा धरून उठली. भिंतीलगत दोरी होती, त्यावर मावशीच्या रोजच्या नेसायच्या साड्या. पाहुण्यांच्या नव्हे, तिच्या स्वतःच्या. त्यातली एक फिकट निळी वायल ताईने न विचारता ओढली. नाकाशी धरून वास घेतला, खांद्यावर टाकली आणि मोरीचा पडदा सारून आत गेली. आतून म्हणाली, "हंय अजून तोच नळ गळता."

बाहेर आली तेव्हा रेशमी साडी तिच्या हातात होती. तिने ती मावशीच्या मांडीवर टाकली. "नेस."

"ह्या उन्हात?"

"लहानपणी माझा परकर नेसान शाळेत गेलंस तेव्हा ऊन नव्हता? नेस म्हणतंय ना."

मावशी निमूट उठली. जिने सगळ्या कोकणाला मोरीत पाठवलं, ती त्या दिवशी स्वतः मोरीत गेली आणि रेशीम नेसून बाहेर आली. निऱ्या धड बसल्या नव्हत्या, तर ताईने गुडघे टेकून त्या ठीक केल्या. मग दोघींचं मालवणी सुरू झालं. आम्ही आपापल्या खोल्यांत गेलो.

त्यानंतर आम्ही सगळे विखुरलो. ताई मावशीला गावी घेऊन गेली, पावसाळ्यापुरतं म्हणून, आणि मावशी तिथेच रमली. डोंबिवलीला गेलीच नाही. पुढच्या वर्षी विजूचा फोन आला. त्यामुळे मला ती शेवटची दिसली ती त्याच दुपारची.

उन्हं अजून कलली नव्हती. दोघींना त्यांची शाळा आणि मार्केट बघून यायचं होतं. मी गॅलरीतले वाळलेले कपडे काढत होते. खाली फुटपाथवर दोघी हळूहळू निघाल्या होत्या. ताई निळ्या वायलमध्ये, सैल, निवांत. आणि तिचा हात धरून सुलूमावशी, वांगी रंगाच्या रेशमात, मानेवरची पावडर ओघळून पार ब्लाउजपर्यंत आलेली. दोन्ही रुमाल ती खोलीतच विसरली होती. मला राहवेना.

"मावशी," मी वरून हाक मारली, "शिजशील गं."

तिने डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. चेहरा लालबुंद झाला होता.

"शिजू दे," ती म्हणाली. "ताईची आहे."